माळ्यावरचा भाडेकरू आणि महालक्ष्म्यांची पंगत

भुताला घाबरणारी माणसं मी ढिगाने पाहिली. पण माणसाला घाबरून माळ्यावर दडी मारलेलं भूत पृथ्वीवर एकच, आणि ते हुडकेश्वरला माझ्या बायकोच्या मावशीकडे राहतं. तिच्या आधी त्या घरातून तीन भाडेकरू पळाले, एक तर म्हणे अनवाणी थेट वीसेक किलोमीटरवरच्या बुटीबोरीपर्यंत. मावशी मात्र जन्मभर शाळेत पाचवीचा वर्ग सांभाळून आलेली, एकटी बाई. पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी आपोआप वाजली, तेव्हा पेपरातून मान वर न करता म्हणाली, "वाजवूनच राहिला तं घासून ठेव!" पंखा आपोआप फिरला की म्हणायची, "एकवर कर, मले सर्दी हाय." आणि तो एकवर यायचा, हे मी शपथेवर सांगतो, त्या वेळी मी फाटकाबाहेर होतो एवढंच.

पण भुताला वठणीवर आणणाऱ्या या बाईला लेआऊटमधल्या, म्हणजे तिच्या वसाहतीतल्या, माणसांनी हरवलं होतं. भुताच्या धास्तीने सात वर्षांत तिच्याकडे चहालासुद्धा कोणी आलं नाही. त्यात गावच्या थोरल्या जाऊबाई थकल्या आणि यंदा महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, हिच्या घरी आल्या. मावशीने घरोघरी जाऊन जेवायला बोलावलं, एकटीने सोळा भाज्या, पुरणपोळ्या, वडे, आंबील असं सगळं रांधलं. नैवेद्य झाला, पानं मांडली, आणि दुपारी एक वाजला तरी अख्खा लेआऊट नटूनथटून, उपाशीपोटी फाटकाबाहेर उभा. आत मी एकटा. जावयाला पळायची सोय नसते.

मावशीचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "पानं रिकामी राहिली तं महालक्ष्म्या काय म्हणतीन, जावईबापू?" मग पदराने डोळे पुसून तिने रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि माळ्याकडे तोंड करून गरजली, "उतर गा बाप्पा खाली! हे लोकं काही जेवत नाहीत. सोळाही भाज्या तुलेच वाढून राहिली. वडे गरम हायेत, आंबील सारी तुह्यीच!"

रस्त्यावर चुळबुळ सुरू झाली. भुताची भीती एकीकडे, आणि आपल्या वाट्याची आंबील दुसराच कोणी पिणार हे दुःख दुसरीकडे. शेवटी लेआऊटचे अध्यक्ष फाटक ढकलून ओरडले, "ओ मावशी, थांबा जी! त्याले वडे नका वाढू!" त्यांच्यामागून सगळे घुसले. चार पंगती उठल्या. एक बाई तिसरी पोळी घेत म्हणाली, "त्याले पुरणातलं काय समजते!" मावशी वाढत होती ती एखाद्या सेनापतीसारखी.

चारला घर रिकामं झालं. तेव्हा कुठे तिने स्वतःचं पान घेतलं. मी चप्पल घालायला लागलो, तशी हळूच म्हणाली, "बसा ना जावईबापू. जेवताना समोर कोणी असलं की घास गोड लागते."

मी बसलो. एरवी पाच मिनिटांत उरकणारं जेवण तिने दिवेलागणीपर्यंत पुरवलं.