नाकाडीचं जॅकेट

कापड हातात आलं की ती आधी नाकाला लावायची. रंग, पोत, किंमत सगळं नंतर. म्हणून बोईसरला आमच्या कॉलनीत तिला सगळे नाकाडी म्हणत. नाक खरं तर बेताचंच होतं. तिची आई किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातून आमच्या चारी बिल्डिंगींत सुके बोंबील आणि सुकट विकायला यायची; तिला आत सोडायला वॉचमनला मीच सांगितलं होतं. आई जिने चढायची तेव्हा ही खाली पायरीवर बसून वर्तमानपत्राची ब्लाउजं कापत असायची.

माझ्या बायकोने एकदा कौतुकाने नवी साडी दाखवली. हिने पदर हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "शी, काकी. दोनदा भिजवून मग नेसा. जळक्या रबराचा वास हाय." बायको हसली, मी चिडलो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो आणि साडी तिथलीच होती. "आणि तुझ्या आईच्या पाटीला अत्तराचा वास येतो वाटतं?" मी विचारलं. "नाय," ती शांतपणे म्हणाली, "पण आमच्या वासाने नाल्याचं पाणी जांभळं होत नाय."

तिला मी लाडाने 'आमची इन्स्पेक्टर' म्हणायचो. पण खरं लिहायचं तर सगळं लिहायला हवं. आमच्या घरी बोंबील मिटक्या मारत खाल्ले जात आणि पाटी मात्र उंबऱ्याबाहेर. तिची आई जिना उतरली की बायको जिन्यात फिनेल टाकायची आणि मी 'जरा जास्त टाक' म्हणायचो. आज ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

बारावीनंतर तिच्या घरात नर्सिंग, डी.एड., पालघरला दुकानात नोकरी असं काय काय चाललं होतं. तिने सांगितलं, कपड्यांचं शिकायचंय. आईने मला गाठलं, कारण मी 'कापडाच्या लायनीतला'. "भाऊ, शिवणच शिकायची तर मुंबईला कशाला? बोईसरला क्लास नाय का?" मी समजावलं, शिवण वेगळी आणि डिझाइन वेगळं. त्याची पदवी असते, सरकारी संस्थेत गरिबाच्या मुलांना फीची सवलत मिळते, पुढे चांगल्या कंपन्या घेतात. खासगी संस्थांची गुळगुळीत पत्रकं तिने आणली होती, ती मीच बाजूला काढली. "यांना तुझे हात नकोत, बापाची बोट विकून आलेले पैसे हवेत," असं म्हणालो. तिने लेखी परीक्षा काढली. उरली मुलाखत. तिथे स्वतः केलेली एक वस्तू न्यायची होती.

तिने जॅकेट केलं. आजोबांचं जुनं सुती जाळं माळ्यावर पडलेलं होतं. पूर्वी अशी जाळी झाडाची साल उकळून त्या पाण्यात बुडवत, म्हणजे समुद्रात लवकर कुजत नसत. त्या तपकिरी जाळ्याचे थर एकावर एक शिवून, गाठी मुद्दाम दिसतील अशा ठेवून तिने ते बनवलं होतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे ठेवून गेली. सकाळी आम्ही बोईसरहूनच निघणार होतो. जॅकेट देखणं होतं. आणि त्याला मासळीचा वास येत होता.

मुलाखतीतले परीक्षक नाकाला रुमाल लावतील आणि तिला घेऊन आलेला मी असेन, या कल्पनेनेच मला कसंतरी झालं. माझी दुसरी पाळी होती. जॅकेट कारखान्यात नेलं आणि नमुन्याच्या छोट्या मशीनमध्ये कॉस्टिक सोडा घालून उकळलं. तरी वास राहिला असं वाटलं, म्हणून ब्लीच दिलं. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस मी. सालीचा रंग जाणार हे मला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? मला तेव्हा फक्त वास घालवायचा होता.

सकाळी मी दिलेल्या पिशवीतून तिने ते पांढरंफटक, बोळा झालेलं जॅकेट काढलं. सवयीने नाकाला लावलं. "काका, आता ह्याला कायच वास नाय," एवढंच म्हणाली आणि घडी घालून परत पिशवीत ठेवलं. मुलाखतीत विचारलं, काय आणलंस? म्हणाली, काही नाही. दहा मिनिटांत बाहेर आली.

पुढच्या आठवड्यात तिची आई दारात बसून सांगत होती, "येडी पोरगी. मोठ्या लोकांसमोर बोबडी वळली तिची. भाऊ एवढे संगती गेले, त्यांची पण लाज घालवलीन." पोरगी मागेच उभी होती. मी म्हणालो, "होतं असं. मुली घाबरतात." आणि पाव किलो सुकट घेतली.

नाकाडी आता सालवडला कामगारांचे गणवेश शिवून देते. कोळीवाड्यात अजून तिला भित्री म्हणतात. परवा तिची आई गेल्याचं कळलं, तेव्हा भेटायला गेलो आणि न राहवून विचारलं, त्या दिवशी माझं नाव का नाही घेतलंस?

"तुमच्या चारी बिल्डिंगी आयला तुमच्या शब्दावर मिळाल्या होत्या, काका. तुमचं नाव सांगितलं असतं तर तिनं तुमच्या दारात येऊन तुमची अब्रू काढली असती. मग धंदा कुठं करायचा तिनं?"

मी म्हणालो, निदान आता तरी मी सगळ्यांना खरं सांगतो.

"सांगा ना," ती मशीनवरून नजर न काढता म्हणाली. "आय तर मला भित्रीच समजून गेली."