दादाचा फुल फ्रेम, माझा खिलौना

आमच्या रविवारच्या फोटोमंडळात माणसाची लायकी त्याच्या सेन्सरवरून ठरते. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यात ज्याच्यावर उजेड पडतो तो तुकडा. तो जुन्या रोलच्या एका चौकटीएवढा असला की त्याला फुल फ्रेम म्हणायचं, आणि तसला कॅमेरा गळ्यात असलेल्या माणसाला इंदुरी थाटात ‘भिया, पहले आप’ करत कड्याजवळची जागा द्यायची. माझा सेन्सर अंगठ्याच्या नखाएवढा, म्हणून मला जागा मिळते झुडपामागे. मंडळात आम्ही सहा जण. पाच फुल फ्रेमवाले आणि एक मी. त्या पाचांतला सगळ्यात कडवा माझा सख्खा मोठा भाऊ.

मंडळाचे नियम दोनच. पहिला, ट्रायपॉड बंद. एकदा जानापावच्या टेकडीवर दोघांनी तिपाया मांडून सगळी कड अडवली आणि सूर्य वर येईपर्यंत बाकीचे त्यांच्याशी भांडत बसले. तेव्हापासून जो काढायचा तो फोटो कॅमेरा हातात धरून. दुसरा नियम, परतल्यावर जुन्या इंदुरात आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरकडे पोहे खायचे आणि त्याच्या अवाढव्य टीव्हीवर प्रत्येकाचा एकेक फोटो नाव न सांगता लावायचा. फोटोतला डोंगर तिथे कोणी बघत नाही. डॉक्टर झूम करत करत फोटोच्या कोपऱ्यात शिरतो, आणि तोंडात शेव धरून पन्नाशी-साठीची सहा माणसं गवताच्या एका काडीची किनार तपासतात. किडकी दाढ शोधावी तशी.

दादा सरकारी खात्यात नक्शे काढायचा. शाईच्या पेनाने, पट्टी न लावता अशी रेघ ओढायचा की साहेब लोक पाहुण्यांना दाखवायला आणायचे. रिटायर झाला आणि तोच हात त्याने कॅमेऱ्याला लावला. पहाटेच्या अंधुक उजेडात, सेकंदाच्या पंधराव्या भागात, आम्ही सगळे जिथे हललो असतो तिथे त्याचा फोटो काचेसारखा यायचा. माझ्या कॅमेऱ्यात हाताचा हिसका सांभाळून घ्यायची सोय आहे, सेन्सरच आतल्या आत सरकतो. दादाच्या जुन्या कॅमेऱ्यात ती नाही. ‘तुला मशीन लागतं,’ तो म्हणायचा. ‘मला हात आहेत. ठेव तो खिलौना.’

मी काय गप्प बसतोय? मी त्याला हिशोब समजवायचो. बाबा रे, समोरचं गवत आणि मागचा डोंगर, दोन्ही साफ पाहिजेत ना? मग तुला लेन्सचं भोक बारीक करत अपर्चर अकरावर न्यावं लागतं, माझं साडेपाचवर भागतं. तेवढा उजेड तू घालवलास, आता फोटो उजळायला सेन्सरचा आयएसओ चौपट वाढव. वाढवलास? मग आले ना फोटोभर दाणे. राहिला काय तुझ्या मोठ्या सेन्सरचा फायदा? तिपाई असती तर गोष्ट वेगळी, पण तिपाई तुम्हीच बंद केलीत. दादा हे सगळं शांतपणे ऐकायचा आणि म्हणायचा, ‘फुल फ्रेम तो फुल फ्रेम ही होता है.’ दीड किलोचं धूड गळ्यात बांधून मान आखडून घेणाऱ्याला मी अडवणारा कोण.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी टीव्हीवर डोंगररांगांचा फोटो लागला. लांबच्या लेन्सचा. झूम करायची गरजच नव्हती, प्रत्येक डोंगराला दोन-दोन कडा होत्या. त्या नजरेचा फोटो मंडळात एकच माणूस काढतो, त्यामुळे कोणाचा ते मला लगेच कळलं. इतक्या वर्षांनी हातात सापडला होता. मी म्हणालो, ‘सेन्सर फुल, फ्रेम फुल, आणि भूकंपसुद्धा फुल.’ डॉक्टरला हसताना ठसका लागला. दादाही हसला. म्हणाला, ‘लेन्समध्ये काहीतरी गडबड आहे.’

पुढच्या रविवारी परत तेच. मी परत तेच बोललो, थोडं सुधारून. त्याने लेन्स दुरुस्तीला दिली. मग कार्ड बदललं. मग त्याचा गुडघा दुखायला लागला आणि तो यायचाच बंद झाला. मी काय समजलो सांगू? मी समजलो, मी वाद जिंकलो. बायकोला तसं सांगितलंसुद्धा. अक्कल नावाची चीज नखाएवढी तरी असायला हवी होती.

महिनाभराने वहिनीने बोलावलं. दादा बँकेत गेला होता. कॅमेऱ्याचं कार्ड भरलंय, त्यातलं सगळं कंप्युटरवर टाकून दे, म्हणाली. गुडघा दुखणारा माणूस फोटो कुठे काढत होता, हे मला तिथे कळलं. गच्चीवर. समोरची पाण्याची टाकी, एकच टाकी, शेकडो वेळा. सेकंदाचा अडीचशेवा भाग, पाचशेवा, हजारावा. हजाराव्याला टाकी कुठे स्थिर होत होती, आणि तिथे मग सगळा फोटो दाण्यांनी भरलेला. कंप्युटरशेजारी एक वही पडली होती. पानभर शाईच्या रेघा. एकही सरळ नव्हती.

मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, ‘नसांच्या डॉक्टरने गोळ्या दिल्यात. वाढेल म्हणतात हळूहळू. तुझ्या दादांनी सांगितलंय, मंडळात कोणाला कळू द्यायचं नाही. तुला तर मुळीच नाही.’ मग वही मिटून म्हणाली, ‘कॅमेरा विकायचं म्हणतात. विकला तर दिवसभर करणार काय, ते मला कळत नाही.’

तुला तर मुळीच नाही. मला इतकी लाज वाटली की वहिनीच्या हातचं पाणीही न पिता उठलो.

आता उपाय माझ्याच गळ्यात लटकत होता. पण तो घेऊन जायचं म्हणजे त्याला तोंडावर सांगायचं, की मला कळलंय. चार दिवस घालवून मी एक डोकेबाज नाटक रचलं. दादाकडे गेलो आणि म्हणालो, ‘कंटाळलो यार या खिलौन्याला. एक रविवार तुझा फुल फ्रेम दे, माझा तू घे. बघू तरी स्वर्ग कसा असतो.’

दादाने माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलताना कान खाजवतो, हे त्याला मी शाळेत असल्यापासून माहीत आहे.

‘वहिनी बोलली?’

‘नाही.’

‘बरं,’ तो म्हणाला. ‘आण.’

रविवारी जानापावला आम्ही शेजारी-शेजारी उभे राहिलो, झुडपामागे. त्याचं ते धूड तोलताना माझे खांदे भरून आले. तो मात्र कोपर पोटाशी टेकवून, श्वास धरून, एकामागून एक काढत होता. मधेच थांबून मागच्या पडद्यावर बघायचा, पुसून टाकायचा, परत लावायचा डोळ्याला. उजेड सगळ्या दरीत पसरला तरी तो थांबेना. बाकीचे गाडीतून हॉर्न वाजवायला लागले.

डॉक्टरकडे टीव्हीवर दादाचे डोंगर लागले. त्यांना एकेकच कड होती. झूम करत कोपऱ्यात गेले, गवताची काडी साफ. पुढचा फोटो हललेला होता, तो माझा. झुडपामागची अदलाबदल कोणी पाहिली नव्हती, मंडळाने ताबडतोब निकाल दिला. साफ तो खिलौन्याचा, म्हणजे माझा. हललेला फुल फ्रेमचा, म्हणजे दादाचा. डॉक्टर म्हणाला, ‘दादा, भूकंप अजून चालूच?’ वाक्य माझंच होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, मी त्यात पुढचं काय घालतो म्हणून. मी पोह्यांकडे बघत बसलो. खरं सांगितलं तर दादाने खिलौना का घेतला तेही सांगावं लागणार होतं, आणि गप्प बसलो तर त्याचा फोटो माझा होत होता.

‘साफवाला माझा आहे,’ दादा म्हणाला. ‘हात थरथरतात आता माझे. आजार आहे. म्हणून त्याचा कॅमेरा घेतला. दोनशे काढले, त्यातला हा एक.’

डॉक्टरच्या हातात रिमोट तसाच राहिला.

‘आणि हललेला याचा,’ दादा म्हणाला. ‘याला काहीही झालेलं नाही. तब्येत ठणठणीत आहे.’

मग हसले सगळे. मीही हसलो, आणि हसता हसता मला रडायला आलं म्हणून शेव आणायला आत गेलो.

परत येताना गाडीत दादाने माझा कॅमेरा गळ्यातून काढलाच नाही. घर आल्यावर तो उतरला, खिडकीशी वाकला आणि त्याने विचारलं, ‘याचा चार्जर कुठे आहे?’

‘घरी. उद्या आणून देतो.’

‘उद्या नको, आज दे,’ दादा म्हणाला. ‘सकाळी मला जायचंय.’