पालीचा अपघात आणि माझं निलंबन

नोकरीत मला कधी कुणी निलंबित केलं नाही. केलं ते घरात, माझ्या वडिलांनी, आणि तेही लेखी.

बाबा मालगाडीवर गार्ड होते. आता त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण हा शब्द त्यांच्यासमोर काढलात तर चहा मिळणार नाही. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झालेली. मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि ते आमच्या मुलुंडच्या घरात आतल्या खोलीत पलंगावर पडून राहिले. गुडघे उत्तम झालेत, चाला, असं डॉक्टर सांगत होते. बाबा चालत नव्हते. फिजिओथेरपीला एक तरुण मुलगी यायची. ती रोज "आजोबा, फक्त दोन पावलं" म्हणायची आणि बाबा रोज तिला विचारायचे, "खंय जावचा आसा?" कुठं जायचंय ते आधी सांग, असा त्याचा अर्थ. वॉकर कोपऱ्यात उभा होता. त्यावर टॉवेल मात्र छान वाळायचे.

त्याच दिवसांत मी खेळण्यातली रेल्वे घेतली. खेळण्यातली म्हटलं की मला राग येतो, पण दुसरा शब्द नाही. बोरिवलीचे एक गृहस्थ घर आवरून मुलीकडे राहायला चालले होते. त्यांच्याकडून वीतभर लांबीचं काळं वाफेचं इंजिन, चार डबे, खोकंभर रूळ आणि वेग कमीजास्त करायचं बटण असं सगळं उचलून आणलं. इंजिन अर्थातच विजेवर चालतं, वाफेचं नुसतं रूप. बाबा पडून आहेत, त्यांचं मन रमेल, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण असं की मी पन्नाशीचा झालो होतो आणि मला ती हवी होती.

हॉलमध्ये जेवणाच्या टेबलावर प्लायवुडचं पान टाकलं. आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलो. वर्तमानपत्राच्या लगद्याचा डोंगर केला, त्यात बोगदा. भांडी घासायच्या हिरव्या घासण्या कातरून झाडं केली. चौथ्या घासणीला बायको म्हणाली, "अरे, जंगल वाढव हवं तेवढं, पण मग भांडी पण तूच घास."

पहिल्या दिवशी गाडी सोडली. एक फेरी झाली नाही तोच आतल्या खोलीतून आवाज आला, "गाडी कोणी सोडल्यान?"

"मी, बाबा."

"गार्डाची शिट्टी झाली?"

"नाही."

"बावटा?"

"बाबा, ही छोटी गाडी आहे हो."

"म्हणजे गार्ड नको? थांबव आधी."

मी थांबवली. बायकोनं कपाटातून त्यांची जुनी शिट्टी आणि हिरवा बावटा काढून दिला. त्या दिवसापासून पलंगावरून शिट्टी वाजल्याशिवाय आमच्या हॉलमधली गाडी हलली नाही. दाराच्या चौकटीतून हिरव्या फडक्याचं टोक दिसलं की मी बटण फिरवायचो. बाबांना पलंगावरून टेबल दिसत नसे. ते चाकांच्या आवाजावरून गाडी कुठं आहे ते सांगत आणि ते बरोबर असे.

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते आमच्या बरोबर खाली राहतात. त्यांच्या हातात सोसायटीच्या कागदावरची नोटीस होती. विषय: सदनिकेत विनापरवाना रेल्वे चालवण्याबाबत. त्यांनी ती आम्हाला उभ्यानं वाचून दाखवली. वाचता वाचता त्यांची नजर टेबलाकडे गेली आणि शेवटचं वाक्य त्यांनी फार हळू वाचलं.

"बोगद्यातून पण जाते?" त्यांनी विचारलं.

"जाते ना."

"दाखवा."

आतून शिट्टी झाली, गाडी निघाली, बोगद्यात शिरून बाहेर आली. सेक्रेटरींनी नोटीस घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी पाचला न चुकता यायला लागले. मुळात नोटिशीतली शिट्टीबद्दलची तक्रार त्यांचीच होती. पुढे शिट्टीला पाच मिनिटं उशीर झाला की खालून फोन यायचा, "काय झालं? गाडी रद्द का?"

मग एका शनिवारी अपघात झाला. सकाळीच फिजिओथेरपीवाली मुलगी जाताना बायकोला म्हणाली होती, "काकू, खरं सांगू का, आजोबांची इच्छाच नाहीये. मी येऊन काही उपयोग नाही." दिवसभर आम्ही दोघं त्याच विचारात होतो. संध्याकाळी सेक्रेटरी यायच्या आधीच शिट्टी झाली, मी गाडी सोडली. बोगद्यात एक पाल बसली होती, हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. इंजिन आत शिरलं, काहीतरी धडधडलं, डोंगर हलला. इंजिन दुसऱ्या तोंडातून तिरकं बाहेर आलं आणि टेबलावरून थेट फरशीवर पडलं. मागोमाग दोन डबे. पाल भिंतीवर चढली. तिची शेपटी रुळावर राहिली, वळवळत.

"काय झाला?" आतून आवाज.

"बाबा, इंजिन पडलं," बायको म्हणाली.

मग असा आवाज आला जो मी लहानपणानंतर ऐकला नव्हता: "कोणी काही हलवू नका! हात लावू नका कशाला!"

त्यानंतर टॉवेल खाली पडल्याचा आणि वॉकरच्या पायांचा आवाज. ठक. ठक. बायकोनं माझा दंड धरला. बाबा दारात आले. बनियन, लुंगी, गळ्यात शिट्टी. पलंगापासून टेबलापर्यंत अकरा पावलं आहेत, नंतर मी मोजली. धावत जाऊन धरावं असं फार वाटलं, पण त्यांचा चेहरा पाहून आम्ही दोघं जागचे हललो नाही. ते कुणाला भेटायला किंवा आम्हाला खूश करायला आलेले नव्हते. अपघाताची जागा पाहायला आले होते. टेबलाशी येऊन तसे पाहत उभे राहिले, मग म्हणाले, "शेपटीवर वाटी पालथी घाल. पुरावो आसा तो."

बायकोनं वाटी आणली. ती रडत होती आणि हसतही होती.

रविवारी सकाळी दहाला चौकशी बसली. अध्यक्ष बाबा, खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून. सदस्य म्हणून सेक्रेटरी, कारण त्यांना इतिवृत्त लिहायची सवय. बाबांनी मला 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी नकळत उठून सरळ उभा राहिलो.

"बोगद्यात शिरण्यापूर्वी तुम्ही शिट्टी दिलीत?"

"बाबा, त्या इंजिनाला शिट्टीच नाहीये."

"तुम्हाला तोंड आहे?"

"आहे."

"लिहा," बाबा सेक्रेटरींना म्हणाले, "तोंड असल्याचे चालकाने मान्य केले."

मग साक्षीदार म्हणून बायको. ती मला वाचवेल असं मला वाटलं होतं.

"गाडी चालवताना चालकाचं लक्ष होतं?"

"नाही," ती म्हणाली. "त्याच्या एका हातात बटाटवडा होता."

सेक्रेटरींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाइपलाइन फोडली. त्यांनीच शेवटी पालीचा मुद्दा काढला. बाबा म्हणाले, "पाल रुळावर अनधिकृतपणे होती. तिचा जबाब घेता आला नाही, एवढं नोंदवा."

निकाल: चालक दोषी. सात दिवस निलंबन. खाली दोन सह्या.

मला हे गमतीत घेता येईल असं वाटलं होतं. नाही घेता आलं. सोमवारी अंधेरीला ऑफिसात मी जेवताना सहज बोलून गेलो, "मी सध्या सस्पेंड आहे रे." शेजारच्या टेबलवाल्यानं डबा बाजूला सरकवून विचारलं, "घरी सांगितलंस का?" घरच्यांनीच केलंय म्हटल्यावर त्यानं डबा बंद केला, आणि जाताना त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या सात दिवसांत गाडी बायकोनं चालवली. वाईट वाटतं, पण सांगितलं पाहिजे: ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. वळणावर वेग कमी करते, बोगद्याआधी तोंडानं कूऽऽ करते. बाबा आता टेबलाशी उभे राहून बावटा दाखवायचे, कारण आतून दाखवण्यात जोखीम आहे हे चौकशीत सिद्ध झालं होतं. बायकोनं फोन करून परत बोलावलेली फिजिओथेरपीवाली मुलगी बुधवारी आली, तर पेशंट वीस मिनिटांपासून उभाच.

"आजोबा! तुम्ही चालायला लागलात?"

"ड्युटी आसा," बाबा म्हणाले. "बाजूक हो, गाडी येता."

आठव्या दिवशी मी रुजू झालो, पण चालक म्हणून नाही. रुळांचे सांधे बदलायचं काम माझ्याकडे आलं. जागा भरली गेली होती.

पुढे हिवाळ्यात आम्ही तिघं माथेरानला गेलो. टॅक्सीनं दस्तुरीपर्यंत, तिथून अमन लॉज स्टेशनवर छोट्या गाडीत बसलो. बाबा काठी घेऊन स्वतः चढले. गाडी निघाली आणि शेजारून एक घोडा आम्हाला मागं टाकून पुढं गेला. घोड्यावरच्या बाई आमचा फोटो काढत होत्या. बाबा खिडकीतून त्या घोड्याकडे फार गंभीरपणे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढी वर्षं मी शेवटच्या डब्यात एकटा. मागं जाणारो रूळ तेवढो दिसायचो. पुढं काय येता, ता कधी कळलाच नाय."

"आता दिसतंय ना?" बायकोनं विचारलं.

"दिसता," ते म्हणाले. "घोड्याची पाठ."