मामांची चौकशी करणाऱ्या डॉक्टरबाई

"मामा कसे आहेत तुमचे?"

हिवतापाचा पुरुष रोगी समोर आला, की आमच्या डॉक्टरबाई नाडी धरता धरता हे विचारायच्या. बोळिंजच्या त्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. नवखा माणूस गोंधळायचा. बाई सोयरीक जमवताहेत की काय, असं त्याला वाटायचं. तुम्हालाही वाटलं असतं.

एका सकाळी अर्नाळ्याची एक कोळीण थोरल्या मुलाला टांग्यातून घेऊन आली. त्याचे डोळे पिवळे, ओठ पांढरे. हिवताप उलटू नये म्हणून मिळालेल्या गोळ्या तो घेत होता.

"लघवी कोऱ्या चहासारखी होते," तो कसाबसा म्हणाला.

बाईंनी आईला तिच्या भावाबद्दल विचारलं.

"तो असाच गेला," ती म्हणाली. "तापाच्या गोळ्या खाल्ल्या, नि मूत काळं झालं. लोक म्हनले, बाहेरचं हाय."

बाईंचा आवाज खाली आला. "गोळ्या बंद. काही घराण्यांच्या रक्ताला हे औषध सोसत नाही. आईकडून मुलग्यांत उतरतं. घरात आणखी कोणी घेतंय?"

"धाकटा. कालच मिळाल्या त्याला. पहाटे होडीवर गेला, गोळ्या संगती हायेत."

थोरल्याला आणि आईला घेऊन दवाखान्याची जीप मुंबईच्या इस्पितळाकडे निघाली, त्याला रक्त चढवायला. बाई मला घेऊन अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर.

तिथं टांगेवाल्याकडून बातमी आधीच पोचली होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, आमच्या रक्तात खोट हाय काय?"

"खोट नाही, बाबा. याच रक्तानं तुमच्या वाडवडलांना हिवतापातून तारलं असेल. रक्त वेगळं, म्हणून औषधही वेगळं द्यायचं."

बोलताना नजर मात्र समुद्रावर. जेवणाचा डबा उघडला नाही, बसल्या नाहीत.

दुपार उलटल्यावर होडी दिसली, तशा बाई साडीसकट पाण्यात शिरल्या. धाकट्याची पापणी खाली ओढून त्यांनी पाहिलं.

"किती खाल्ल्यास?"

"एक. दुसरी आता घेनार होतो."

बाईंनी पुडी त्याच्या हातातून काढून घेतली. तेव्हा कुठं त्या किनाऱ्यावर येऊन बसल्या.

दोघेही भाऊ वाचले.

पुढं काही वर्षांनी बाई वारल्या. गिरीज गावी त्यांच्या मातीला ती कोळीण आली होती, कडेवर लेकीचं तान्हं मूल. गर्दी पांगल्यावर माझ्याजवळ आली.

"हा पन त्याच रक्ताचा असंल," ती म्हणाली. "बाईंना दाखवायचा ऱ्हायला."

आणि बाळाला ऊन लागू नये म्हणून तिनं पदर पुढं ओढला.