पान एकतीसवरचा बाण

"थांबा. वाचल्याबिगर बांधत नाय."

आमच्या कॉलेजात इंजिनीअर झालेल्या प्रत्येक पोराने हे वाक्य ऐकलेलं आहे. जिन्याखाली झेरॉक्सचं दुकान, सबमिशनच्या दिवशी दारात झुंबड, आणि आत काका. ओल्या स्पंजावर अंगठा टेकवायचा, पान उलटायचं, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा, पुन्हा अंगठा स्पंजावर. मागून पोरं ओरडायची, "काका, प्लीज! चार वाजता सबमिशन बंद करतात हो!" काका मान वर न करता म्हणायचे, "मंग काल लिहायचं व्हतं."

झेरॉक्सवाले तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. पण गिऱ्हाइकाचा कागद वाचणारा नसेल पाहिलात, पैज लावते.

काका मूळचे चांदवडकडचे. नाशिकरोडला एका छापखान्यात उभी हयात गेली. छापून आलेला ताव उजेडात धरायचा आणि चूक हुडकायची, एवढंच काम. नोकरीतून निवृत्त झाले, डोळे काही निवृत्त झाले नाहीत. मग हे जिन्याखालचं दुकान घेतलं.

मी तिथे कॉम्प्युटर विभागात शिकवते. आमच्याकडे शेवटच्या वर्षाला चौघांनी मिळून एक प्रोजेक्ट करायचा असतो. त्याचा अहवाल काळ्या कव्हरात, सोनेरी अक्षरांत बांधतात, म्हणून त्याला ब्लॅक बुक म्हणतात. पहिल्याच पानावर प्रमाणपत्र: 'हे काम विद्यार्थ्यांनी स्वतः, माझ्या मार्गदर्शनाखाली केले आहे.' त्याखाली गाइडची सही. अशी आठ-आठ बुकं माझ्याकडे यायची. सही करायला मला किती वेळ लागायचा, ते विचारू नका.

काकांना मात्र वेळच वेळ. एकदा एका पोराला त्यांनी रांगेतून बाजूला घेतलं. "बाळा, तुझं कॉलेज कुठं हाय?"

"इथेच की काका."

"मंग प्रोजेक्ट पुण्यात कसा पूर्ण झाला? शेवटच्या पानावर लिवलंय. अरे, गाव तरी बदला रे!"

सगळी रांग फिदीफिदी हसली. मीही तिथेच होते, मार्कलिस्टच्या कॉप्या काढायला आले होते, आणि मीही हसले. त्या पोराची गाइड कोण, हे तेवढं कुणी विचारलं नाही, नशीब माझं.

चुकीबद्दल काकांचं एक ठाम मत होतं. कुणाला ना कुणाला ते ऐकवायचेच. "हातची चूक एकदाच येती. ठशाची चूक दर तावावर येती. मंग ताव फाडून काय उपेग? ठसा बघायचा." मी म्हणायचे, "काका, तुम्हीच या शिकवायला." ते म्हणायचे, "नको बाई, मला सही करता येत नाय न वाचता." आणि स्वतःच खो खो हसायचे. मला ते तेव्हा लागलं नाही. टोमणा होता की नुसती गंमत, अजून कळलेलं नाही.

एका दुपारी काका चक्क जिना चढून स्टाफरूममध्ये आले. असे ते कधीच आले नव्हते. हातात पिवळा लिफाफा, वर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात 'मॅडमसाठी'. इकडेतिकडे बघून, बाकी कुणी नाही याची खात्री करून, त्यांनी माझ्या टेबलावर पाच पानं मांडली.

पाच वर्षांचे पाच गट आणि पाच वेगळी ब्लॅक बुकं. विषय एकच, कांदा मार्केटचा कारभार कॉम्प्युटरवर आणणं. पाचही ठिकाणी पान एकतीस. त्यावर कामाचा क्रम दाखवणारी आकृती, चौकोन आणि बाण. आणि पाचही आकृत्यांत एक बाण 'गाडी रिकामी' या चौकोनातून निघून 'लिलाव' या चौकोनात घुसलेला.

"मॅडम, माझा बाप कांदा घेऊन मार्केटला जायचा," काका हळू आवाजात म्हणाले. "आधी लिलाव, मंग गाडी खाली. हितं गाडी आधी खाली झाली! मंग यापारी काय रिकामी ट्रॉली पारखनार व्हय?"

मला हसू आलं, आणि मग आठवलं. पाचही बुकांवर सही माझी होती.

"पहिल्याच वर्षी डोळ्याला खटकलं. तवापासून तेवढं एक पान काढून ठेवत आलो. पोरांना काय बोलू नका, मॅडम. लेकरं समोर ठेवलं ते उतरवत्यात. ठसा कुठं हाय तेवढा बघा. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात यायच्या आत."

ठसा कुठे आहे ते बघायची मला गरजच नव्हती. तो माझ्या कपाटात होता. दर वर्षी कांद्याच्या नवीन गटापुढे मी त्याच विषयाचं एक जुनं ब्लॅक बुक टाकायचे आणि सांगायचे, "हे घ्या, फॉरमॅट यातून बघा." दर वर्षी तेच एक. पोरं फॉरमॅट बघायची आणि मजकूरही घ्यायची. मी वाचत नाही, हे आख्ख्या कॉलेजला ठाऊक होतं.

मी म्हणाले, "काका, तुम्ही पण ना! भारीच बारीक बघता!" लिफाफा ड्रॉवरमध्ये टाकला. आभारसुद्धा मानले नाहीत. उलट रागच आला, की याला कुणी सांगितलं होतं वाचायला?

त्याच वर्षी नवीन नियमावली आली. अहवाल आधी सॉफ्टवेअरमधून तपासायचा, जुन्याशी जुळला तर प्रोजेक्टला शून्य, आणि गाइडने समितीपुढे खुलासा द्यायचा. माझा कांद्याचा सहावा गट पहिल्याच तपासणीत सापडला. मी तेव्हा कंत्राटी होते, आणि पंधरा दिवसांवर कायम होण्याची मुलाखत होती. कितीतरी वर्षं मी त्या मुलाखतीची वाट बघत होते. खरं बोलले असते तर ती झालीच नसती.

समितीत प्राचार्यांनी विचारलं, "मॅडम, जुने रिपोर्ट मुलांच्या हाती लागतात कसे?"

मी मोठा विचार वगैरे काही केला नाही. केला असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. मी सरळ स्टाफरूममध्ये गेले, ड्रॉवर उघडला, लिफाफा आणला आणि टेबलावर ठेवला. "सर, झेरॉक्सवाल्याकडे सगळ्यांच्या प्रती असतात. ही बघा, त्याच्याकडचीच पानं." ज्यांना मी इतकी वर्षं अहो-जाहो करत आले, ते काका एका वाक्यात 'तो' झाले.

काकांना बोलावलं. हाताला शाई तशीच, अंगठा ओला. टेबलावरचा लिफाफा त्यांनी पाहिला, त्यावरचं स्वतःचं अक्षर पाहिलं.

"ही पानं तुमच्याकडची?"

"व्हय."

"म्हणजे जुने रिपोर्ट तुम्ही मुलांना देता?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले. रागाने नव्हे हो, राग असता तर मी सहन केला असता. ते थांबले होते. मी बोलावं म्हणून मला वेळ देत होते. आणि मी टेबलाच्या सनमायकावरचा चहाचा डाग निरखत बसले.

"मॅडम म्हनत असतील," काका म्हणाले, "तर तसंच असंल."

चार पोरांना शून्य आणि पुन्हा सहा महिने. काकांना आठ दिवसांत जागा खाली करायची नोटीस. मला काहीच नाही. बैठकीचं इतिवृत्तही मीच लिहिलं, कारण माझं अक्षर चांगलं.

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम मागच्या जिन्याने उतरले. तरी काकांनी गाठलंच. रिक्षात लॅमिनेशनचं मशीन चढवून झालं होतं. माझी मुलाखतीची फाइल मी त्या समितीच्या आधी त्यांच्याकडे बांधायला टाकली होती, आणि आता ती परत मागायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी ती माझ्या हातात दिली. नीट बांधलेली, कोपरे कातरलेले. नवव्या पानाशी कागदाची एक चिठ्ठी खोचलेली.

"तिथं साल चुकलंय, मॅडम. तेवढं बदलून घ्या. मुलाखतीत अडवतील."

मी साल बदललं. मुलाखत उत्तम झाली. मी कायम झाले. घरी पेढे आणले. मी एकही खाल्ला नाही.

आता जिन्याखाली दुसरं दुकान आहे. तिथे कुणी काही वाचत नाही, बुकं भराभर बांधून मिळतात. वाचते ती मी. प्रत्येक पान, प्रत्येक बाण. पोरं मला खडूस म्हणतात. आणि थट्टा बघा, प्रामाणिकपणाची नियमावली नव्या मुलांना समजावून सांगायचं काम कॉलेजने माझ्याकडेच दिलंय. दर वर्षी पहिल्या तासाला मी पडद्यावर एक वाक्य दाखवते: 'हातची चूक एकदाच येते. ठशाची चूक दर तावावर येते.' पोरांना फार आवडतं. वहीत उतरवून घेतात. खाली माझं नाव लिहितात, आणि मी लिहू देते.

यंदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, तिसरा नियम आहे ना, दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव द्यायचं? मग हे वाक्य कोणाचं? खाली नाव नाहीये."

वर्ग हसला. मी मार्कर उचलला. इतक्या वर्षांनी निदान एवढं तरी करावं म्हणून फळ्याकडे वळले. "आमच्या जिन्याखाली एक झेरॉक्सवाले काका होते. त्यांचं आहे."

"नाव काय, मॅडम?"

हात तसाच वर राहिला. मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. अकरा वर्षं नुसतं काका. बिलावर 'झेरॉक्स, स्पायरल, बाइंडिंग' एवढाच शिक्का असायचा. माझ्या सुंदर अक्षरातल्या इतिवृत्तातसुद्धा 'सदर झेरॉक्सचालक' एवढंच आहे.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

ऑफिसात जागेच्या कराराची फाइल असेल. ऑफिस माझ्या खोलीच्या बरोबर खाली आहे. त्या 'उद्या'ला आता तीन महिने झाले. ती मुलगी आधी दर तासाला विचारायची, आता विचारत नाही. मी मात्र दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन परत आले. नाव मिळालं की पत्ता मिळेल. पत्ता मिळाला की जावं लागेल. आणि मी गेले, तर काका खुर्ची पुसून म्हणतील, "या मॅडम, बसा."

मला त्याचीच भीती वाटते.