आल्फहिल्डला निरोप द्यायचा होता

हिल्लेवीने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, खोकलं आणि गप्प झालं. तिने त्याला जरा दम खाऊ दिला आणि पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. अंगात काळा कोट, शेजारच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पांढरी फुलं, आणि बाहेर थंडी उणे तीसच्या घरात. अकरा वाजता लिक्सेले गावच्या चर्चमध्ये आल्फहिल्डचा अंत्यविधी होता आणि रस्ता होता दीड तासाचा.

ती राहायची त्या ग्रानसेलेच्या वाडीत घरं सात-आठ असतील, पण हिवाळ्यात धूर निघायचा तो एकट्या हिल्लेवीच्या धुराड्यातून. बाकीची म्हातारी माणसं काही वारली, काही मुलांकडे शहरात गेली. त्यांची घरं उन्हाळ्यापुरती उघडत. आता मदतीला हाक मारली असती तर ओ द्यायला फक्त झाडं होती.

हिल्लेवीने तीस वर्षं टपालाची गाडी चालवली होती. लग्न झालं नाही. एकदा जमत आलं होतं, पण तो माणूस किनाऱ्याकडच्या कागद गिरणीत कामाला गेला आणि तिकडचाच झाला. रोज पहाटे ती लिक्सेलेच्या टपाल कचेरीत पोचायची तेव्हा आल्फहिल्ड पत्रं लावत बसलेली असायची. पिशव्या गाडीत चढेपर्यंतची ती दहा-पंधरा मिनिटं, एवढंच हिल्लेवीचं दिवसभराचं बोलणं.

"काय गं, आज सुरू झाली गाडी, का ढकलत आणलीस?" आल्फहिल्ड मान वर न करता विचारायची.

"ढकलत. वाटेत एक एल्क भेटला, त्याने हात लावला."

"एल्कला कुठले आलेत हात?"

"बरं, शिंग लावलं. झालं समाधान?"

दोघी निवृत्त झाल्या, तेव्हापासून रविवारी फोन सुरू झाला. जानेवारीत एका रविवारी फोन आला तो आल्फहिल्डच्या मुलीचा, गुनवोरचा. "आई झोपेतच गेली," ती म्हणाली. अंत्यविधी कधी ते कळव, एवढं म्हणून हिल्लेवीने फोन ठेवला.

आता तिने बॉनेट उघडलं. बॅटरी उतरली म्हणावं, तर इंजिन जोमाने फिरत होतं. गारठलं म्हणावं, तर रात्रभर इंजिन गरम ठेवणारी विजेची तार लावून ठेवली होती, हाताला कोमट लागत होतं. तिने हातमोजे काढले, एक प्लग खोलला आणि नाकाशी धरला. कोरडा ठणठणीत, पेट्रोलचा वाससुद्धा नाही. मग तिने किल्ली अर्धी फिरवून मागच्या सीटला कान लावला. सीटखाली टाकीतल्या पंपाची गुणगुण ऐकू येत होती. म्हणजे पंप बिचारा ढकलतोय, पण पेट्रोल पुढे जात नाही. नळीत पाणी गोठलं होतं.

हे पाणी कुठून आलं हे तिला कुणी सांगायला नको होतं. टाकी रिकामी ठेवली की थंडीत आतून दव धरतं. टपालात असताना तिने कधी टाकी अर्ध्याखाली जाऊ दिली नव्हती. पण आता जायचं कुठे? दुकानाची गाडी दर गुरुवारी दारात यायची. डिसेंबरपासून तिने गाडी जागची हलवलीच नव्हती.

तिने मदत केंद्राला फोन लावला. पलीकडे तरुण पोरीचा आवाज होता.

"तुम्ही कुठे आहात? रस्त्यावर अडकलात का?"

"घरीच आहे. दारात."

"मग धोका नाही. आज घसरलेल्या गाड्या खूप आहेत, त्यांना आधी काढावं लागतं. दुपारपर्यंत माणूस येईल. शेजारचं कुणी सोडणार नाही का?"

"शेजारी कुणी नाही."

"म्हणजे आत्ता घरी नाहीत?"

"जूनमध्ये येतील," हिल्लेवी म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने गुनवोरला कळवलं.

"अगं देवा! मी कुणाला तरी पाठवते," गुनवोर म्हणाली.

"कुणाला पाठवतेस? यायला-जायला तीन तास. तू आईपाशी थांब. माझ्यासाठी खोळंबू नका."

मागे कुणी तरी गुनवोरला बोलवत होतं. ती घाईने "बरं, बरं" म्हणाली आणि गेली.

हिल्लेवीने काळा कोट काढून खुंटीला अडकवला आणि जुना कामाचा डगला चढवला. टाकीत नळी मोकळी करायचं स्पिरिट ओतलं. घरातला तेलाचा हीटर ओढत आणून गाडीखाली सरकवला. चारी बाजूंनी जुन्या चादरी आणि गालिचे सोडले, वर बर्फ दाबून ऊब कोंडली. मग पायरीवर बसून राहिली. अकरा वाजले. आता घंटा वाजत असतील, आता पहिलं गाणं म्हणत असतील, असं ती मनाशी म्हणत होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. नुसती पावलं बधिर झाली.

दुपार कलली तेव्हा इंजिन एकदाचं पेटलं. धडधड आवाज त्या मोकळ्या वाडीत घुमला. तिने मदत केंद्राला "नको आता" असं कळवलं. आता जाऊन काय करायचं, हा प्रश्न तिच्याही मनात आला. तरी तिने काळा कोट घातला आणि निघाली.

पोचली तेव्हा अंधारून येत होतं. चर्चपुढे एकही गाडी नव्हती. इंजिन बंद करायची तिची हिंमत होईना, म्हणून चालूच ठेवून ती खाली उतरली. तेवढ्यात शेजारच्या सभागृहातून एक माणूस ओले हात पुसत बाहेर आला.

"ओ बाई, गाडी चालू ठेवायला मनाई आहे इथे! पाटी दिसत नाही का?"

"दिसते. पण बंद केली तर परत सुरू होणार नाही."

"आजचा विधी तर केव्हाच संपला."

"माहीत आहे."

त्याने तिच्या हातातली फुलं पाहिली आणि त्याचा आवाज उतरला. "आल्फहिल्डच्या कोण तुम्ही?"

हिल्लेवी अडखळली. नात्याची नव्हती, शेजारचीही नव्हती. "आम्ही एका ठिकाणी कामाला होतो," ती म्हणाली.

"मी रूनार, इथली देखभाल बघतो. जा तुम्ही, थडगं उजवीकडे, भूर्जाच्या झाडांपलीकडे. मी गाडीत बसतो, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून. कुणी विचारलं तर माझीच गाडी."

थडग्यावरची माती गोठून ढेकळं झाली होती, वर पुष्पचक्रं. हिल्लेवीने आपली फुलं कडेला ठेवली. ती थंडीने काळवंडली होती. "उशीर झाला गं," ती म्हणाली. आणखी काही बोलावं असं वाटत होतं, पण रविवारच्या फोनवर बहुतेक आल्फहिल्डच बोलायची. तिने फुलांवरचं वर्तमानपत्र घडी करून खिशात घातलं आणि ती परतली.

ती गाडीत बसल्यावर रूनार सभागृहात जाऊन विधीनंतरच्या जेवणातल्या खाऱ्या सँडविच-केकचा एक तुकडा चांदीच्या कागदात बांधून घेऊन आला. "उरलाय. नाही तर मलाच खावा लागेल. घरी वाट बघत असतील ना?"

"नाही," हिल्लेवी म्हणाली.

तिने दार लावेपर्यंत तो थंडीत तसाच उभा राहिला.

घरी पोचून तिने इंजिन बंद केलं. लगेच उतरवेना. गाडी अजून उबदार होती. तिने कागद सोडला आणि काळोखात बसूनच तो तुकडा खाल्ला, कोळंबी, अंडं, सगळा, बोटांना लागलेल्या मेयोनेजसकट. मग घरात जाऊन चूल पेटवली.