दोनदा दाबणारं बोट

सून गोड बोलली की मी सावध होते. त्या दिवशी ती चहा घेऊन माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "आई, जरा माझा फोन वापरून बघाल?"

तेव्हा आम्ही सिंगापुरात, सेम्बावांगला राहत होतो. मुलाची नोकरी गेली होती, सगळ्यांचं इथलं राहणं सुनेच्या नोकरीवर मिळालेल्या पासवर, म्हणजे परवान्यावर होतं. तिची नोकरी अजून कच्ची. त्या आठवड्यात पक्की झाली नाही, तर सगळ्यांनी पुण्याला परत जायचं. डॉक्टरांची वेळ घेण्याचं अॅप तिने बनवलं होतं आणि म्हातारी माणसं तक्रार करत होती, की मागे जायला बाण दाबला तरी तीच स्क्रीन पुन्हा येते. ऑफिसात मात्र कुणालाच तसं दिसत नव्हतं.

"म्हाताऱ्यांना अक्कल नाही, हेच दाखवायचंय ना?"

"तसं असतं तर तुमच्याकडे आले नसते."

मी चौथीपर्यंत शिकले. डॉक्टरचं चित्र दाबलं, वारांची स्क्रीन आली. मागचा बाण दाबला. पुन्हा वारच. आणखी एकदा दाबला, तेव्हा कुठे डॉक्टर दिसले. सुनेने त्याच फोनवर करून पाहिलं, तर एका बाणात मागे. मला वाटलं, हिनेच काहीतरी करून ठेवलंय. त्यात ती दुसऱ्या फोनने माझ्या हातांचा व्हिडिओ काढू लागली.

"ऑफिसात दाखवून हसणार असशील तर आत्ताच सांग."

"फक्त बोटं घेतेय, आई. तोंड नाही."

"तोंडाला काय झालंय माझ्या?"

सोफ्यावर नात खिदळली. मी सगळं पुन्हा दाबून दाखवलं.

व्हिडिओ सावकाश चालवून सून ओरडली, "आई, तुम्ही दोनदा दाबताय!"

मी साफ नाही म्हटलं. तिने पुन्हा दाखवला. बोट माझंच. एकदा दाबलेलं लागलं, यावर माझा विश्वास नसतो. गॅससुद्धा मी बंद करून परत पिळते. इथे डॉक्टरच्या चित्रावर दर दाबाला एक स्क्रीन उघडत होती, सारख्याच दोन, एकीवर एक. बाण मात्र भलतंच मागे जाऊ नये म्हणून मी एकदाच दाबायचे; त्याने वरची जायची, खालची तशीच राहायची. ऑफिसातली तरुण माणसं एकदाच दाबणारी, त्यांना काय दिसणार?

"मग चूक कुणाची?"

"माझी. पहिल्या दाबानंतर बटण बंद व्हायला हवं होतं."

सासूसमोर चूक कबूल करते म्हणजे आता काहीतरी मागणार, अशी माझी खात्री झाली. मागितलं काहीच नाही. लॅपटॉप घेऊन बसली ती जेवायलाही उठली नाही. मग फोन पुढे केला. "दाबा हवं तितकं." मी पाच वेळा दाबलं. एका बाणात मागे. दुसऱ्या डॉक्टरवरही करून पाहिलं, न जाणो.

शुक्रवारी ती दारातूनच म्हणाली, "आई, नोकरी पक्की झाली!"

"पत्र दाखव."

पत्र फोनमध्येच होतं, इंग्रजीत. मी ते नातीकडे दिलं. तिला इथल्या पोरांसारखं बोलताना शेवटी 'ला' जोडायची सवय.

"आजी, कन्फर्म्ड लिहिलंय ला! मम्मीने सांगितलं ना आत्ता?"

"सगळं वाच," मी म्हटलं. "आणि खाली सही आहे का ते बघ."